चार सेकंदांची माय

नवरा एकच, लग्नही एकच, पण लग्नाचं शूटिंग मात्र मी तीनदा विकत घेतलं. पहिल्यांदा लग्नातच, तेव्हा काळी जाडजूड कॅसेट मिळाली. पुढे कॅसेट लावायचं यंत्रच लोकांच्या घरातून नाहीसं झालं, तेव्हा तिची डीव्हीडी करून घेतली. आणि आता शाळेतून निवृत्त व्हायला दोन वर्षं उरलेली असताना ब्लू-रे. दर वेळी दुकानदार वेगळा होता आणि वाक्य एकच होतं: मॅडम, आता एकदम साफ दिसेल.

यावेळी निमित्त झालं ते नव्या टीव्हीचं. लेकीने पुण्याहून हट्टाने पाठवला. आमच्या परभणीच्या घराची भिंत त्याच्यासाठी अपुरी पडली, कॅलेंडर काढावं लागलं. त्यावर हौसेने जुनी डीव्हीडी लावली तर सगळं वऱ्हाड वाफेत बसल्यासारखं दिसायला लागलं. लहान टीव्हीवर खपून जात होतं, मोठ्यावर उघडं पडलं. स्टेशन रोडवरच्या दुकानात चौकशी केली तेव्हा तो म्हणाला, मूळ कॅसेट असेल तर आणा, तिच्यावरून एचडी करून ब्लू-रे डिस्कवर देतो. ती डिस्क लावायला यंत्र वेगळं, तेही त्याच्याकडे जुन्यात होतं. दोन्हीचा मिळून आकडा असा होता की तेवढ्यात घराला आतून रंग देऊन झाला असता.

नवऱ्याने आधी हिशेब ऐकला आणि मग चष्मा काढला. तो गंगाखेडचा, बोलण्यात कुणाला ऐकायचा नाही. म्हणाला, "पातळ वरण मोठ्या पातेल्यात ओतलं म्हणून घट्ट होतं का? जे कॅसेटमध्येच आलं नाही ते डिस्कमध्ये कुठून येणार?" आणि वर, त्या लग्नात मी पण होतो, मला नीट बघण्यासाठी तू कधी एवढा खर्च केला नाहीस, असंही ऐकवलं. त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवते, नसलेल्यातून काही निघत नाही हे मला कळतं. तरी मी त्याच्याशी भांडले, आठवडाभर त्याच्या चहात साखर कमी घातली आणि कॅसेट घेऊन दुकानात गेले.

मला नवरा बघायचा नव्हता, दागिने बघायचे नव्हते. त्या अडीच तासांच्या शूटिंगमध्ये चार सेकंद माझी माय आहे, ती बघायची होती.

माझे वडील गेले तेव्हा मला धड उभं राहता येत नव्हतं. माय आमच्या गावात, बोरीतच राहिली, काका-काकूंच्या घरात. तिला कुणी छळलं नाही, हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टीत लोकांना छळ हवा असतो. काकांनी मला शिकवलं, काकूने मला स्वतःच्या पोरांच्या ताटातलं दिलं. पण माय कायम मागे असायची. सणाला मागच्या चुलीवर, पाहुणे आले की मागच्या दाराशी. फोटोला ती कधी उभी राहिली नाही. मतदानाच्या कार्डावर एक फोटो होता, त्यात एक काळपट डाग आणि दोन डोळे एवढंच होतं. माझ्या लग्नानंतर चार वर्षांनी ती गेली. मी गंगाखेडहून पोचले तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती. म्हणजे चेहरा म्हणावा असा तो चार सेकंदांचाच.

ते चार सेकंद कसे घडले ते आजवर मी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

शूटिंगचा हट्ट माझाच होता. काका म्हणत होते फोटो पुरे झाले. पण सासरचे तालुक्याच्या गावचे, साखर कारखान्यातल्या नोकरीतले, त्यांच्या थोरल्या सुनेच्या लग्नाची कॅसेट होती. मी दोन दिवस जेवले नाही. शेवटी काकांनी जिंतूरहून शूटिंगवाला ठरवला. लग्न भर दुपारचं, तरी मांडवात त्याचे हॅलोजन लागले होते आणि त्यांच्या उजेडात आम्ही सगळे घामाने निथळत होतो.

कन्यादानाला काका-काकू बसले. माय मागे, मांडवाच्या खांबाआड उभी होती. विधवेने बोहल्याजवळ येऊ नये हे तिला कुणी सांगितलं नाही. सांगायची वेळच तिने कुणावर येऊ दिली नाही. तिने आकाशी लुगडं नेसलं होतं, धुऊन धुऊन पांढुरकं पडलेलं. शूटिंगवाला माझ्या अगदी जवळ वाकला आणि हळूच म्हणाला, ताई, त्या मागच्या बाईंना जरा बाजूला व्हायला सांगा, लुगडं चमकायलंय, चित्र खराब व्हायलंय.

ती माझी माय आहे, असं मी म्हणाले नाही. सासू पुढेच बसली होती, तिने ऐकू नये एवढीच मला घाई होती. मी मान वळवली, मांडीवरचा हात थोडा उचलला आणि मायला बाजूला हो म्हणून खूण केली.

ते सगळं कॅसेटमध्ये आलं. शूटिंगवाल्याचं बोलणं मात्र आलं नाही, कारण मागाहून त्याने सगळ्या आवाजावर सनई चढवली होती. चित्रात दिसतं ते एवढंच: मी पुढे, माझा हात हलतो, मागे खांबाजवळचा फिकट ठिपका अर्धं पाऊल पुढे येतो, थांबतो आणि मागे जातो. मग चित्रावर गुलाबाच्या पाकळ्या पडतात आणि बदामात नवरदेव उगवतो.

त्या ठिपक्याचं तोंड कसं झालं होतं, हे मला हवं होतं. ती रडवेली झाली होती का? चिडली होती का? का तिला काहीच वाटलं नव्हतं, आयुष्यभर मागेच उभी राहिलेल्या बाईला आणखी एक पाऊल मागे जायला काय वाटणार? या सवालाने मी गेली कित्येक वर्षं बेजार होते. वर्गात फळ्यावर लिहिताना हात आपोआप थांबायचा. डीव्हीडी लावून मी टीव्हीला नाक टेकवून बघितलेलं आहे. जवळ गेलं की तिथे नुसते चौकोन असायचे.

दुकानदार पस्तिशीचा, भला माणूस. कॅसेटला बुरशी लागली होती, ती त्याने कापसाने पुसून काढली. मी त्याला चिठ्ठीवर वेळ लिहून दिली, एक तास बारा मिनिटांपासून पुढे चार सेकंद, आणि सांगितलं की बाकी कसंही येऊ द्या, पण इथली खांबाजवळची बाई साफ दिसली पाहिजे. त्याने आपुलकीने विचारलं, कोण आहेत? मी म्हणाले, आई. तो म्हणाला, मग जिवाने करतो.

पंधरा दिवसांनी डिस्क आली. शनिवारी दुपारी शाळेतून आले, खिडकीचा पडदा ओढला आणि एकटीच बसले. डिस्क खरोखर साफ होती. मांडवाची झालर मोजता येत होती. एक तास बारा मिनिटं आली आणि खांबाजवळ एक बाई उभी राहिली. ठिपका नाही, बाई. नाक, डोळे, हनुवटी, सगळं असलेली. आणि ती हसत होती.

मी तिथेच रडायला लागले. माय हसत होती म्हणजे तिला वाईट वाटलं नव्हतं. मी नवऱ्याला हाक मारली, तो आला, त्याने मला पाणी दिलं आणि पातेल्याचं नाव काढलं नाही. त्या दुपारी मी ते चार सेकंद वीस-पंचवीस वेळा तरी बघितले असतील. तेवढ्या वेळात मी जितकी हलकी झाले तितकी पुन्हा झाले नाही.

विसाव्या-बाविसाव्या वेळी मला तिच्या कपाळावरची लाल टिकली दिसली.

मायच्या कपाळावर गोंदण होतं. दोन भुवयांच्या मध्ये तांदळाएवढा हिरवा ठिपका. वडील गेले तेव्हा कुंकू पुसलं, बांगड्या गेल्या, गोंदण तेवढं राहिलं, कारण ते जात नाही. मी जन्मात तिच्या कपाळावर लाल रंग बघितला नव्हता. आणि इथे ती मांडवाच्या खांबाला धरून सवाष्ण उभी होती. मी चित्र तिथेच थांबवलं. आनंदाने नव्हे, भीतीने.

सोमवारी दुकानात गेले. दुकानदाराचा चेहरा बघून कळलं की त्याला शाबासकीची अपेक्षा होती. म्हणाला, आईंची टिकली लय पुसट झाली होती मॅडम, नुसती हिरवट छटा उरली होती, मी ठळक केली. लग्नाच्या कामात आम्ही सगळ्यांच्या टिकल्या ठळक करतो. मी विचारलं, आणि हसू? तर तो म्हणाला, ते मशीनने केलं. जवळची माणसं कॅसेटमध्ये नीट असतात, ती नुसती साफ होतात. लांबच्यांचे चेहरे मुळात नसतातच, ते मशीन आपल्या मनाने भरून काढतं, हजारो दुसरे चेहरे बघून.

"मग ही कोण आहे?" मी विचारलं.

तो जरा गोंधळला. "तशी कुणीच न्हाई, मॅडम," तो म्हणाला. आणि माझा चेहरा पडलेला बघून घाईने पुढे बोलला, की टिकली हिरवी करून देतो, पैसे नकोत, आणि पाहिजे तर हसूही थोडं कमी करता येईल. मी नको म्हणाले. किती कमी करायचं हे त्याने मला विचारलं असतं, आणि मी काय सांगणार होते?

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. डिस्क मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवली, पण ती बाई कपाटात राहिली नाही. मायची आठवण काढली की ती यायची, टिकली लावून, हसत. माय पाटीत शेण घेऊन चालली आहे असं आठवावं तर तिच्या खांद्यावर त्या बाईचं तोंड. माय तापात पडली आहे, आणि तोंड हसरं. मी जुनी डीव्हीडी लावून बघितली, म्हटलं आपला ठिपका बरा. तर त्या ठिपक्यातही मला हसूच दिसायला लागलं. जे थोडं माझ्याजवळ होतं तेही मी पैसे देऊन पुसून घेतलं होतं. स्टाफरूममध्ये भर मधल्या सुट्टीत ती समोरच्या खुर्चीवर बसल्यासारखी वाटली आणि मी डबा तसाच झाकला. नवऱ्याला काही बोलले नाही. बोलले असते तर हाताच्या खुणेपर्यंत जावं लागलं असतं.

मायचा चेहरा नीट ठाऊक असलेलं आणि मला विचारता येईल असं एकच माणूस आता उरलं होतं, काकू. काका गेले, पण काकू ऐंशीच्या घरात बोरीतच आहे, चुलतभावाजवळ. दिवाळीनंतर तिच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती भेटेल त्याला सुईत दोरा ओवून दाखवते. मी ब्लू-रेचं यंत्र टॉवेलात गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि रविवारी सकाळच्या जिंतूर गाडीने बोरीला गेले. ती बाई माय नाही, एवढं कुणीतरी खात्रीने सांगितलं तरी पुरे होतं.

चुलतभाऊ व्यापाऱ्याकडे सोयाबीन घालायला गेला होता. त्याच्या सुनेने यंत्र टीव्हीला जोडून दिलं आणि ती स्वयंपाकाला लागली. मी काकूला खाटेवर नीट बसवलं, सांगितलं की खांबाजवळ बघ, आणि ते चार सेकंद लावून चित्र थांबवलं.

काकूने पुढे वाकून बराच वेळ बघितलं. "ही कोण बाई?" ती म्हणाली. "ही तुजी माय न्हाई. तिच्या कपाळाला कुकू कुठून आलं? आन हिचे दात दिसायलेत. तुजी माय हसली की तोंडाला पदर लावायची."

तोंडाला पदर. मी ते साफ विसरले होते. काकू बोलली आणि एका क्षणात माय आली, पदराचा काठ दातात धरून, खांदे हलवत, डोळ्यांनी हसणारी. टिकलीवाली बाई निघून गेली. मला इतकं बरं वाटलं की मी काकूचे पाय धरले. ती म्हणाली, असं काय करायलीस, टीव्हीवाल्याची चूक, त्यात काय. खरं तर तेवढ्यावर मी यंत्र गुंडाळून घरी यायला पाहिजे होतं.

पण काकूला आता रंग चढला होता. ती सांगायला लागली, की कॅसेट आली तेव्हा तू सासरी होतीस, तुला काय ठाऊक. काकांनी जिंतूरहून टीव्ही आणि कॅसेटचं यंत्र भाड्याने आणलं होतं, आखी गल्ली दुपारभर ओसरीत बसली होती. माय दाराशी बसली होती. ही जागा आली आणि माय एकदम उठून पुढे आली. जी बाई चारचौघांत तोंड उघडायची नाही तिने यंत्र चालवणाऱ्या पोराला सांगून तेवढाच भाग पुन्हा लावायला लावला. एकदा नाही, तीनदा.

"आन बोट दावून सगळ्यांला सांगितलं," काकू म्हणाली, "बघा, माझ्या लेकीनं मला म्होरं बोलावलं. सासरच्या समद्या माणसांसमोर बोलावलं. मीच गेले न्हाई."

मग ते ती सगळीकडे सांगत राहिली. खुरपायला गेली की बायांना, गिरणीवर, पाणवठ्यावर. दुखण्याने खाटेवर पडली तेव्हाही, कुणी भेटायला आलं की हेच. लेकीनं बोलावलं होतं, मीच गेले नाही.

आपल्याकडे माणसाला बोलावताना आणि बाजूला हो म्हणताना हात जवळजवळ सारखाच हलतो. तळवा खाली असतो आणि बोटं हलतात. बोटं आत वळली की ये, बाहेर झटकली की जा. लांबून आणि हॅलोजनच्या झोतात तिला ते उलटं दिसलं. ते अर्धं पाऊल ती त्यासाठी पुढे आली होती. आणि मग आपल्यामुळे लेकीच्या लग्नात अपशकुन नको म्हणून आपल्या मनाने मागे गेली होती.

"लाव की ते," काकू म्हणाली. "त्या बाईला सोड. तुजा हात लाव. आता एवढं साफ दिसायलंय तर मला बी बघू दे."

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. डिस्क अडकली असंही सांगता आलं असतं. पण मी स्वतःही अजून हाताकडे बघितलं नव्हतं. इतके दिवस माझी नजर खांबाजवळच होती. पुढे बसलेल्या नवरीकडे बघायचं मला सुचलंच नव्हतं. मी चित्र मागे घेतलं आणि लावलं.

मी पुढेच होते, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ. दुकानदार खरं बोलला होता, जवळच्या माणसांचं मशीनला काही भरून काढावं लागत नाही. मेंदीची नक्षी दिसत होती. हिरव्या बांगड्यांतली एक पिचलेली होती तीही दिसत होती. बोटं बाहेर झटकली गेली, पटकन, दोनदा, ताटावरची माशी हाकलावी तशी. आणि मुंडावळ्यांच्या आत माझ्या भुवया आखडलेल्या होत्या, ओठ दाबलेले होते. मला माझी लाज वाटली, त्या मुलीची आणि आताच्या माझीही. त्यात शंकेला कुठे जागाच नव्हती.

काकू म्हणाली, परत लाव. मी परत लावलं. चित्र संपून पाकळ्या पडल्या तशी मी यंत्र बंद केलं. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. काकू टीव्हीकडेच बघत राहिली, मग पदराने नवे डोळे पुसले आणि तिने माझा तोच हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"बरं झालं माय," ती म्हणाली, "तवाचा टीव्ही साफ नव्हता."